दहापासून एकपर्यंत

सुकटीचा वास आला की गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारातली ती बाई आठवते. मी तेव्हा गोंदियाच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर दर आठवड्याला श्रोत्यांच्या पसंतीची गाणी दहापासून एकपर्यंत सांगायचो. कार्यक्रम आधीच रेकॉर्ड व्हायचा, म्हणून त्या दुपारी मी बाजारात होतो, आणि सुकट विकणाऱ्या बाईच्या तराजूजवळ रेडिओतून माझाच आवाज येत होता. गाणं लागलं की ती आवाज बारीक करी, मी बोलू लागलो की मोठा. असं काऊन करता, मी विचारलं. "गाणे तं मोबाईलवरबी भेटते जी. हा बोलते तं घरचाच मानूस वाटते. घरी तं कोनीच नाही." मला राहवलं नाही. "मावशी, तो मीच..." एवढ्यात पहिल्या नंबरची घोषणा सुरू झाली आणि माझ्याकडे न बघताच तिने हात वर केला. "चूप राहा न जी, तो बोलून राहिला!" मी सुकटीची पुडी घेतली, बस पकडली. आता तो कार्यक्रम नाही. एकट्यापुरती सुकट भाजताना मी रेडिओ लावतो, आणि गाणं सुरू झालं की आवाज बारीक करतो.