हरीसाठी विमान पाहताना

गॅरेज चालवणाऱ्या माणसाकडे गोष्टी आपोआप साठत जातात. गाडी उघडून ठेवलेली असते, मालकाला दुसरीकडे जाता येत नाही, मग तो बाकावर बसून बोलायला लागतो. शहापुरात आग्रा रोडला लागून माझं गॅरेज तीसेक वर्षं होतं, तेव्हा किती साठल्या असतील बघा. पण लोक माझ्याकडे एकच मागतात. "सदाभाऊ, ते विमानाचं सांगा ना."

मी सांगतो. लोक हसतात. पूर्वी मीही हसायचो. आता तिघांतला मी एकटा उरलोय, त्यामुळे नेमकं कुठे हसायचं ते लक्षात राहत नाही.

तिघं म्हणजे मुरबाडचा हरी, शहापूरचे सोमण डॉक्टर आणि मी. हरीची भाताची गिरणी होती. डॉक्टरांचा दवाखाना माझ्या गॅरेजच्या समोरच. दर गुरुवारी हरी गिरणीचा काहीतरी पार्ट घेऊन यायचा, डॉक्टर रस्ता ओलांडून यायचे, आणि चहा मागवला जायचा.

*

हरीला हे वेड लागलं ते पन्नास सालानंतर. गिरणीच्या इंजिनाचे भाग आणायला तो मुंबईला गेला होता. तिथे ओळखीच्या एकाने त्याला फ्लाइंग क्लबवर नेलं आणि गंमत म्हणून एक फेरी मारून आणली. दहा मिनिटांची फेरी. त्यानंतर हा गडी दोन वर्षं रविवार चुकवेना. शेवटी लायसन घेऊन आला.

पेढे द्यायला आला तेव्हा सांगत होता, "माझ्या आयला सांगितलं, आता एकट्यानं विमान चालवायची मला परवानगी हाय."

"मग? काय म्हणाली?"

"चूल फुंकत होती. म्हनाली, आनि पडलास तर कुठं शोधू रे मी तुला?"

डॉक्टर हसले. हरीही हसला. मी पेढा हातात धरून बसलो होतो.

*

त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लढाईच्या काळात मी विमानदळात फिटर होतो, आसामच्या बाजूला. विमान उडण्याआधी ते तपासायचं आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. एका सकाळी मी सही केलेलं विमान परत आलं नाही. वैमानिक बावीस वर्षांचा होता. जाताना त्याने माझ्याकडून काडेपेटी मागून घेतली होती. चौकशी झाली. माझ्यावर ठपका आला नाही. विमान सापडलंच नाही, तर ठपका कशावरून ठेवणार?

लढाई संपल्यावर विमानदळातून सुटून आलो आणि मोटारींचं गॅरेज टाकलं. मोटार बंद पडली तर माणूस खाली उतरून मला बोलावतो. मला तेवढंच हवं होतं.

आणि हरी म्हणाला, "सदा, क्लबचं विमान लोकांचं. आपलं जुनं का होईना, एक घेऊ. तपासायला तू हायेसच."

*

विमान ठेवायचं क्लबवर, पण उतरायला आपल्याकडे जागा हवी, असा हरीचा आग्रह. धसईजवळ त्याने एक सलग पट्टा हेरला. भात कापल्यावर तो मोकळा आणि कडक असायचा. शेताचा मालक म्हातारा होता, गोमाबाबा. आम्ही तिघं जीपने गेलो. हरीने पावलं टाकून लांबी मोजली, मी बांध कुठे कुठे फोडावे लागतील ते पाहिलं. गोमाबाबा आमच्या मागून चालत होते.

"कवा उतरवनार?"

"भात निघाल्यावर. चार महिने."

"आनि बाकीचे आठ?"

"आठ महिने नाय उतरवनार, बाबा."

म्हातारा चालता चालता थांबला. "म्हंजे आठ महिने वरच ऱ्हानार तुमी?"

हा किस्सा आम्ही पुढे कितीदा सांगितला असेल. गोमाबाबांनी जागा मात्र दिली. बांध दोन वर्षं फोडून ठेवले. पाणी ठरेना, भात निम्म्यावर आलं, तरी हरीला एका शब्दाने काही बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी हरीनेच माणसं लावून बांध घालून दिले.

*

पहिलं विमान मुंबईतच पाहिलं. दोन सीटचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून रंगवलेलं. लढाईत शिकाऊ पोरांसाठी अशी पुष्कळ होती, पुढे ती विकायला निघाली. हे तर नव्यासारखं चमकत होतं. मला तेच आवडलं नाही.

विकणारा दलाल पांढऱ्या बुटांत उभा होता. मी पंखाखाली वाकलो आणि अंगठ्याने कापड दाबलं. खरं तर जरा चाचपायचं होतं. अंगठा आत गेला. पाहता पाहता अख्खा आत गेला. जुनं, कुजलेलं कापड, त्यावर ताज्या रंगाचे हात.

दलाल चिडला. "तुम्ही मोटारीचे मेकॅनिक ना? विमानाला असं हात लावतात?"

हरी हळूच म्हणाला, "अहो, वारा याच्यापेक्षा जोरात लावील."

परतताना तो खूश होता. म्हणाला, "बघ, तू नसतास तर घेऊन बसलो असतो." ती पहिली वेळ. तेव्हा माझं 'नाही' त्याला आवडलं होतं.

*

सोमण डॉक्टर आमच्याबरोबर यायचे ते खिशात शिंप्याची टेप घेऊन. प्रत्येक विमानाची मागची सीट ते मोजायचे. लांबी, रुंदी, दार किती उघडतं. विकणाऱ्यांना वाटायचं, गादी शिवून घ्यायची असेल.

एकदा मी विचारलंच. डॉक्टर म्हणाले, "मागची सीट काढली तर बाई आडवी मावेल का, ते बघतो."

आदल्या श्रावणात डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून अडलेली बाई झोळीत घालून आणली होती. नदीला पूर होता, म्हणून माणसं एक अख्खा दिवस पलीकडच्या काठाला थांबली. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांना फक्त हात धुवायचं काम उरलं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टर, असल्या पावसात विमान तिथे उतरलंच नसतं."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, मोजतो," डॉक्टर म्हणाले आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली.

*

दुसरं विमान एका जुन्या संस्थानिकाचं. गुजरातच्या बाजूला. राजेसाहेब परदेशात, वाडा बंद, आणि विमान मोटारखान्यात. सांभाळायला एक म्हातारा नोकर. तो रोज सकाळी ते विमान पुसायचा, अकरा वर्षं. धुळीचा कण नव्हता.

पण आतून सांधे सुटले होते. पंखातल्या लाकडावर बोटाने टकटक केली तर कणखर आवाज यायला हवा. इथे पुठ्ठ्यासारखा येत होता. म्हातारा माझ्या बोटाकडे पाहत होता. आम्ही आलो तेव्हापासून त्याने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मी बाहेर येऊन हरीला मान हलवून नाही म्हटलं.

म्हातारा आत गेला आणि चांदीच्या ट्रेमधून चहा घेऊन आला, बरोबर बिस्किटं. आग्रह करकरून दोनदा चहा पाजला. फाटकापर्यंत पोचवायला आला. जीपमध्ये बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "सदा, आज एका माणसाचं तरी तू भलं केलंस."

हरीने मान वळवून बंद वाड्याकडे पाहिलं. माझं 'नाही' त्याला त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

*

तिसऱ्या विमानाची गोष्ट मी गॅरेजवर सांगत नसे.

पुण्याच्या एका बाईंनी विकायला काढलं होतं. त्यांच्या मुलाचं विमान. मुलगा विमानात गेला नव्हता, टायफॉइडने गेला, आजारपण तीन आठवड्यांचं. लॉगबुक त्याच्या हातचं, अक्षर मोत्यासारखं. कुठे, किती वेळ उडालं, केव्हा काय बदललं, सगळं लिहिलेलं. नाकावरचा पंखा हाताने फिरवून पाहिला तर चारही सिलिंडर सारखे जड लागले. कापड शाबूत, लाकूड खणखणीत.

बाई खुर्ची आणून शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "वेळ घ्या. नीट बघा. त्यालाही सगळं नीट बघितलेलं आवडायचं."

मी सकाळपासून दुपारपर्यंत पाहिलं. पंख धडाला जोडणाऱ्या एका पट्टीवर मला केसासारखी रेघ दिसली. रंगाची असेल, चिरेची असेल. भिंगातून पाहिली, पुसून पाहिली, टॉर्च आडवा धरून पाहिली. कधी वाटे आहे, कधी वाटे नाही.

"पट्टी बदलून घेऊ," हरी म्हणाला.

"एक दिसली. न दिसलेल्या किती असतील?"

"सदा, तुला खात्रीनं सांगता येतंय का, चीर हाय म्हनून?"

"नाही."

"मग खात्रीनं सांग, नाय म्हनून."

"तेही सांगता येत नाही."

मी नको म्हटलं. बाई उठल्या, खुर्ची उचलून आत गेल्या. हरी त्यानंतर आठ महिने गॅरेजवर आला नाही. गिरणीचे पार्ट माणसाबरोबर पाठवायचा, वर चिठ्ठी. चिठ्ठीत कामापुरतं.

*

ते विमान मुंबईच्या कोणीतरी घेतलं. मला कसं कळलं? तो गृहस्थ नाशिककडे जाताना रेल्वेच्या रुळांवरून रस्ता धरायचा, तसे बरेचजण धरत. म्हणजे आमच्या शेजारच्या आसनगावावरून, म्हणजे जवळजवळ माझ्या डोक्यावरून. पंखाखालची अक्षरं खालून वाचता यायची.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ट्रकखाली होतो. आवाजावरून बाहेर आलो. पुढे ते महिन्यातून एकदा तरी जायचं. वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. तीच पट्टी असेल, नाहीतर बदलली असेल, देव जाणे.

आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू? दर वेळी ते डोंगराआड जाईपर्यंत मी बघत उभा राहायचो, आणि मनात कुठेतरी वाटायचं, पडू दे. आत बसलेल्या माणसाने माझं काही वाकडं केलं नव्हतं. तरी वाटायचं. मग संध्याकाळी जेवण जायचं नाही.

एका गुरुवारी हरी बसला होता. तोवर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, पण विमानाचा विषय दोघंही टाळायचो. तेवढ्यात ते आलं. हरी बाकावरून उठून रस्त्यावर गेला, हात कपाळाशी धरून वर पाहिलं. मी पान्हा हातात घेऊन तसाच उभा. आता हा काय बोलणार?

ते गेलं. हरी येऊन बसला, उरलेला चहा प्यायला.

"इंजिनाचा आवाज चांगला हाय," म्हणाला.

*

त्यानंतर हरीने पुन्हा विमान पाहायला चल म्हटलं ते साठ सालानंतर, बऱ्याच उशिरा. डॉक्टर आले नाहीत, त्यांचं स्वतःचंच दुखणं सुरू झालं होतं. आम्ही दोघंच जीपने निघालो. नाशिकच्या पलीकडे एका माळावर निवृत्त वैमानिक राहत होता, त्याचं विमान. धातूच्या नळ्यांचा सांगाडा, वर कापड. गडी काटेकोर होता. मी मागायच्या आत पंखाखालची झाकणं उघडून दिली आणि बाजूला झाला.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. हरी आत जाऊन बसला होता. एका हातात विमान चालवायचा दांडा, दुसरा हात मांडीवर. मी शेपटीकडची पाती तपासायला त्याला ओरडून सांगायचो, "डावं", "उजवं", आणि तो बरोबर हलवायचा. बाकी वेळ समोर बघत होता.

ऊन उतरायला लागलं तरी मला काही सापडेना. मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. सापडेना. आता कबूल करायला हरकत नाही, मी शोधत होतो. काहीतरी हवं होतं मला.

शेवटी उठलो. गुडघे झटकले. हात फडक्याला पुसले. त्या बावीस वर्षांच्या पोरानंतर मी कुठल्याच विमानाला हे म्हटलं नव्हतं.

"हरी, घे. चांगलं आहे."

मालक खूश झाला. म्हणाला, "मग चला ना, एक फेरी मारू. तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो."

हरी सावकाश खाली उतरला. "आज नको," म्हणाला. "वारा हाय."

वारा अजिबात नव्हता. माळावरचं गवत हलत नव्हतं. मालक माझ्याकडे बघायला लागला. हरीने त्याचे हात हातात घेतले, विमान फार नीट ठेवलंय असं दोनदा म्हणाला, आणि कळवतो सांगून निघाला.

कसाऱ्याच्या घाटाच्या तोंडाशी जीपचं पाणी तापलं. बाजूला लावली आणि बॉनेट उघडून थांबलो. हरी कठड्यावर बसला. मी म्हटलं, "मी हो म्हटलं तर तू मागे सरकलास. भीती वाटायला लागली का?"

"भीती नाय रे."

"मग घे ना. पुन्हा मिळणार नाही असलं."

"मला चालवता नाय येनार. क्लबच्या डॉक्टरी तपासनीत नापास झालो. डोळे. लायसन गेलं माझं."

"कधी?"

"दोन वर्सं झाली."

खाली घाटात मालगाडी चढत होती. ती वर येऊन निघून गेली.

"अरे, मग आज एवढ्या लांब कशाला आणलंस मला?"

हरी उठला. फडक्याने रेडिएटरचं झाकण धरून पाहिलं, किती निवलंय ते.

"तुझ्या तोंडून एकदा हो ऐकायचं होतं," तो म्हणाला. "चल, पानी घाल."