नीलाताईंची गाडी देवळात

नीलाताई हडप आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि मधली भिंत पातळ आहे. त्यामुळे पुढची माहिती मी मुद्दाम मिळवलेली नाही. ती आपोआप आली.

होनोलुलूत येऊन त्यांना पस्तीस वर्षं झाली. त्यांचे यजमान त्र्यंबकराव विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी तपासायचे. नीलाताई चायनाटाऊनजवळ एका शिवणखान्यात फुलाफुलांचे शर्ट शिवायच्या. गाडी नवऱ्याने चालवायची, आपण बसने जायचं, अशी घरातली वाटणी. बसच्या ज्ञानात मात्र बाईंचा हात धरणारं कुणी नाही. कुठली बस कुठे वळते, कुठला ड्रायव्हर थांबतो, कुठला बघून न बघितल्यासारखं करतो, सगळं तोंडपाठ.

शिवणखान्यासमोर जपानी लोकांचं एक जुनं शिंतो देऊळ आहे. एका बाजूला नूडल्सची दुकानं, दुसऱ्या बाजूला सतत वाहणारा रस्ता आणि मध्ये हे लाकडी देऊळ, दारावर मांडीएवढा जाड गवताचा दोर टांगलेला. बावीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत नीलाताईंनी तिथल्या झाडाखाली डबा खाल्ला. पहिल्याच दिवशी त्यांनी देवळाच्या दारातल्या हौदातलं पाणी तीर्थासारखं पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला. अंगण झाडणाऱ्या जपानी आजींनी खुणेने सांगितलं, प्यायचं नाही, हात धुवायचे, चूळ भरायची आणि बाजूला टाकायची. "देवाच्या दारात चूळ!" म्हणून त्या रात्री त्र्यंबकरावांचं डोकं खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून मात्र रीतसर चूळ भरू लागल्या. बाई हट्टी आहेत, पण आडमुठ्या नाहीत.

यंदा त्र्यंबकरावांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. डोळ्यांच्या इंजेक्शनला दोन बस बदलून जावं लागे. एकदा ते दुसऱ्या बसच्या पायरीवरून पडले. झालं! मुलगा शार्दूल टेक्ससमधल्या फ्रिस्कोत भलंमोठं घर घेऊन बसलाय. तो फोनवर म्हणाला, "आई, बाबांना दिसत नाही, तुला गाडी येत नाही. इकडे या. खालची बेडरूम रेडी आहे."

नीलाताईंना जायचं नव्हतं. "तिथे सकाळी उठून बाहेर पडायचं तरी कुठे, वीणा? पायी जाण्यासारखं काही नाही. सून चांगली आहे गं, पण तिच्या ओट्याशी मी पाहुणीच."

म्हणून चौसष्टाव्या वर्षी बाईंनी लर्नर्स परमिट काढलं, मोठी गाडी देऊन छोटी घेतली आणि रोड टेस्टला दोनदा नापास झाल्या. पहिल्यांदा हिरवा सिग्नल असून थांबल्या, कारण फुटपाथवर एक म्हातारा पलीकडे जावंसं वाटल्यासारखा उभा होता. दुसऱ्यांदा चार रस्त्यांच्या स्टॉप साइनवर, जिथे आधी येईल त्याने आधी जायचं असतं, तिथे त्यांनी सगळ्यांना हात करून पुढे पाठवलं. परीक्षकाने मोजल्या, अकरा गाड्या. शेरा मिळाला, वाहतुकीला अडथळा.

"अकराच?" मी विचारलं. "बारावीने काय घोडं मारलं होतं?"

"हसू नकोस. शार्दूल म्हणतो, ही तिसरी शेवटची. मग फ्लॅट विकायचा."

टेस्ट मंगळवारी होती. आदल्या शनिवारी त्यांनी निदान केलं, गाडीची पूजाच झालेली नाही. त्या देवळात गाड्यांना आशीर्वाद देतात, हे त्या डबा खाताखाता वर्षानुवर्षं बघत आलेल्या. देवळापर्यंत गाडी मीच नेली.

पांढऱ्या झग्यातल्या पुजाऱ्याने चारही दारं, बॉनेट, डिकी उघडायला लावली आणि कागदी झिरमिळ्यांची काठी सगळीकडून फिरवली. नीलाताई हात जोडून उभ्या. त्याचं संपल्यावर बाईंनी पर्समधून चार लिंबं काढली आणि चार चाकांखाली ठेवली.

पुजारी वाकून बघू लागला. "व्हॉट इज धिस?"

"लेमन. कार गोज ओव्हर. बॅड आय फिनिश."

त्याने झाडलेल्या अंगणाकडे पाहिलं. "अँड हू विल क्लीन?"

"आय विल," म्हणत बाई स्टीअरिंगवर बसल्या. लिंबं मालकिणीनेच चिरडायची असतात म्हणे. मी शेजारी बसले. गाडी हातभर पुढे गेली, चारही लिंबं चिरडली. मग उतरून त्यांनी पुजाऱ्याच्या खराट्याने सगळं साफ केलं.

तेवढ्यात मागे एक नवाकोरा ट्रक आशीर्वादाला येऊन लागला. आता बाहेर पडायचं तर समोरच्या फाटकातून, थेट रस्त्यावर.

"वीणा, ऊठ. तू चालव."

"मागे माणसं ताटकळलीत. बसा आणि काढा," मी म्हटलं, आणि पट्टा काही सोडला नाही.

फाटकाशी बाई थांबल्या. एक गाडी गेली, दोन गेल्या, नऊ गेल्या.

"नीलाताई, सगळं होनोलुलू घरी पोचल्यावर निघायचंय का?"

इतक्यात एक बस आली आणि थांबली. ड्रायव्हरने हात केला, तुम्ही जा. बाईंनी हात केला, नाही, तुम्ही जा. त्याने पुन्हा केला, यांनी पुन्हा केला. शेवटी त्याने खिडकीतून डोकं काढलं, "आंटी, गो! गो!"

बाई गेल्या. वळण थोडं फुटपाथ चाटून झालं, पण गेल्या.

तीन सिग्नल पार झाले. मग म्हणाल्या, "त्या बसमध्ये माणसं उभी होती गं. कुणी कामाला निघालेली असतील. मी ड्रायव्हरला आग्रह करत बसले, आणि उशीर त्यांना. बसमध्ये बसून मी असल्या माणसांना किती शिव्या घातल्यात!"

"मग परवा टेस्टला अकरा जणांना पुढे पाठवलंत, ते?"

"त्या अकरांच्या मागे किती थांबले असतील, ते कुठे बघितलं मी?"

मंगळवारी त्र्यंबकराव आणि मी लायसन्स ऑफिसच्या बाकावर बसलो. टेस्टची हकीकत बाईंनी नंतर सांगितली. स्टॉप साइनवर एका व्हॅनवालीने नीलाताईंकडे बघून हात केला. पाळी नीलाताईंचीच होती. त्या हसल्या आणि गेल्या. वेग फार कमी म्हणून मार्क कापले गेले, पण पास झाल्या.

पार्किंगमधूनच त्यांनी शार्दूलला फोन लावला.

"पास झाले. दिवाळीला येतो आम्ही, दहा दिवस. परतीचं तिकीटही आत्ताच काढ."

"काँग्रॅट्स, आई! पण... आर यू शुअर? बाबा काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार? शेजारच्या सीटवर बसलेत, पट्टा लावून. ठेवते, गाडी चालवायचीय."