दुनाळीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट

केवलराम फुंडे यांना वैताग न आलेला पाहिलाय, असं म्हणणारा माणूस स्मृति नगरात अजून सापडलेला नाही. नळाला पाणी कमी आलं की ते वैतागतात आणि जास्त आलं की टाकी वाहते म्हणून वैतागतात. यात त्यांचा दोष नाही. छत्तीस वर्षं त्यांनी भिलाईच्या स्टील प्लँटच्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला काढली. समोरून रूळ यायचा, यांनी त्यावर वाकून चीर, चट्टा, वाक शोधायचा आणि सापडला की खडूनं फुली मारायची. आयुष्यभर दोष शोधलेला माणूस रिटायर झाला म्हणून गुण शोधायला लागत नाही. त्यांच्या पत्नी सिंधुताई म्हणतात, "एखांद्या दिवशी माह्या पोळीवरबी फुली मारतील हे."

घरात एकाच वस्तूवर फुली पडलेली नव्हती. ती म्हणजे त्यांच्या वडिलांची, शेषरावांची बारा बोअरची दुनाळी बंदूक. साकोलीकडच्या गावात धानात रानडुकरं शिरायची, त्यासाठी शेषरावांनी लायसन्स काढलं होतं. ते गेल्यावर लायसन्स केवलरामांच्या नावावर झालं आणि बंदूक भिलाईला आली, आधी सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आणि मग स्मृति नगरातल्या स्वतःच्या घरात. इथे धान नाही, रानडुकरं नाहीत. बंदुकीला उभ्या आयुष्यात एकच काम उरलं, निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायचं आणि निकाल लागला की परत यायचं. विधानसभा, लोकसभा, निगम, सगळं धरलं तर या बंदुकीनं लोकशाहीची जेवढी सेवा केली तेवढी कित्येक कार्यकर्त्यांनीही केलेली नसेल.

अडचण आता सुरू झाली. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आणि उजवा अंगठा वाकेनासा झाला. लायसन्स घरातल्या कोणाच्या तरी नावावर करायला हवं होतं, नाहीतर बंदूक घराबाहेर जाणार. मुलगा रूपेश पुण्यात. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबा, इथं सोसायटीत कुत्रा पाळायचा तर मीटिंग घेतात."

राहिली धाकटी दामिनी. वय अठ्ठावीस, हैदराबादच्या कंपनीचं काम घरूनच करते आणि काम संपलं की कानाला हेडफोन लावून त्याच कॉम्प्युटरवर झॉम्बी मारते. झॉम्बी म्हणजे मेलेली माणसं. ती उठून चालायला लागतात, चावतात, आणि चावलेला माणूसही झॉम्बी होतो. केवलरामांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे युनियनसारखं."

"मी घेते ना माझ्या नावावर," दामिनी म्हणाली. "पण एक सांगा बाबा. सच में झॉम्बी आले त तुमची दुनाळी कामाची आहे का? नसेल त घरात लोखंड काहून ठेवायचं?"

ती गमतीनं बोलली होती. पण ज्या माणसाला छत्तीस वर्षं 'हा माल कामाचा आहे का' हाच प्रश्न विचारला गेला, त्याला तो गमतीत कसा विचारायचा?

"इन्स्पेक्शन करून सांगतो," केवलराम म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते तिच्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. दहा मिनिटांत त्यांचा पारा चढला.

"अवं, थांब! हे काडतुसं कुठून येऊन राहिले?"

"बॅगेत आहेत बाबा."

"किती?"

"दोनशे."

"दोनशे काडतुसं घेऊन पळून राहिली तू? उचलून पाह्यले का कधी? आन तो झॉम्बी शंभर पावलांवर होता. छर्रा चाळीस पावलांनंतर दमते. शंभर पावलांवर तुह्या झॉम्बीले वाटंन, कोणी तांदूळ फेकले."

मग दामिनीनं गेममध्ये नळी कापलेली आखूड बंदूक काढली आणि अभिमानानं दाखवली. केवलराम खुर्चीवरून उठलेच. "हे बेकायदा आहे! नळी कापली का सरळ आत! झॉम्बी राहिला बाजूले, आधी पोलीस नेतीन तुले." आणि तिनं ती बंदूक टाकेपर्यंत ते बसायला तयार होईनात. शेवटी तिनं टाकली. तेवढ्यात तिला झॉम्बी चावला.

आठवडाभर त्यांनी गेममधल्या सगळ्या बंदुका तपासल्या. एकनाळी हलकी, साधी, बिघडायला तिच्यात काही नाहीच, पण ती एका झॉम्बीपुरती, आणि तोही एकटा यायला हवा. पंपवाली त्यांना मनातून आवडली. नळीखालच्या नळकांड्यात पाच-सहा काडतुसं, पुढची मूठ मागे-पुढे ओढली की नवीन काडतूस जागेवर. "पण माणूस घाबरला का मूठ अर्धीच ओढते," ते म्हणाले, "आन अर्धी ओढली का अटकते." सेमी-ऑटो आपोआप काडतूस बदलते. तिचं नाव काढल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. मिलमध्ये जेवढं आपोआप चालणारं मशीन आलं, तेवढे शटडाऊन वाढले, हा त्यांचा अनुभव. काडतूस जरा नरम लागलं की ही बाई रुसणार.

सिंधुताई हे सगळं मेथी निवडत ऐकत होत्या. "काहून हो, ते सकाळी येतीन का संध्याकाळी?"

"कोण?"

"तुमचे ते मेलेले. सकाळी साडेसहाले नको म्हणा. नळ येते."

आता दुनाळीची पाळी होती. केवलरामांनी प्लँटच्या पद्धतीनं मॉक ड्रिल ठेवलं. नियम पहिला: बंदूक माणसाकडे रोखायची नाही, भरलेली नसली तरी नाही, माणूस झॉम्बी झाला असला तरी नाही. त्यामुळे ते स्वतः मागच्या अंगणात पपईकडे तोंड करून उभे राहिले, आणि दामिनी त्यांच्या पाठीमागून, फाटकापासून, हात पुढे करून पाय ओढत चालत आली. मोबाइलचं घड्याळ सिंधुताईंच्या हातात. दुनाळीत वापरलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं. दोन वेळा चाप ओढायचा, बंदूक मोडून उघडायची, टरफलं काढायची, दुसरी दोन घालायची, बंद करायची.

शेजारच्या राधाबाई वाळवण उलटायला गच्चीवर आल्या होत्या. "काय झालं वं दामिनीले? पाय मुरगळला का?"

"नाई मावशी, मेली आहे मी!"

"बरं बरं," राधाबाई म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

दामिनीनं बापाचा खांदा पकडला तेव्हा अकरा सेकंद झाले होते. केवलरामांच्या हातात तेव्हा एक टरफल होतं आणि दुसरं गवतात ते शोधत होते. अंगठा वाकतच नव्हता. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा अकरा. पाचव्यांदा दामिनी मुद्दाम हळू चालली.

"हळू नको चालू!" ते ओरडले. "झॉम्बी काय रिटायर माणसासाठी थांबते का?"

मग दामिनीनं स्वतः करून पाहिलं. तिचे हात तरुण, पण बंदूक नवी. तिलाही भरायला चौदा सेकंद लागले, म्हणजे झॉम्बी तीन सेकंद आधीच पोचला.

त्या रात्री जेवणात वरण खारट झालं होतं. केवलरामांनी ते सांगितलंसुद्धा नाही, आणि सिंधुताई पहिल्यांदा घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट तयार झाला. प्लँटच्या सवयीनं हिंदीत, तीन प्रतींत, प्रत्येक पानावर सही आणि तारीख. अंतर, वेळ, काडतुसांची संख्या, आवाजाने पार शेजारच्या जुनवानी वस्तीपर्यंतचे झॉम्बी गोळा होण्याची शक्यता, आचारसंहितेच्या काळात बंदूक घरी नसणे. खाली निष्कर्ष: अनुपयोगी. अस्वीकृत.

"बाबा, हा गेम आहे," दामिनी म्हणाली. "फाडून टाका."

"सही झाली," केवलराम म्हणाले.

आणि इथे त्यांनी जी चूक केली ती फक्त प्लँटमधला माणूसच करू शकतो. सही-तारखेचा कागद फाइलबाहेर राहू शकतो हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. लायसन्सचा अर्ज, आधार, फोटो, शेषरावांच्या वेळचा कागद, असं सगळं क्रमानं लावताना बंदुकीसंबंधीचा रिपोर्टही त्यांनी लावला. पान सात. वर नंबर, खाली शिक्का मारायला जागा.

कलेक्टर ऑफिसात लायसन्सचं काम बघणाऱ्या मॅडमनी केवलराम आणि दामिनीसमोर फाइल उघडली. सहा पानं भराभर उलटली आणि सातव्यावर थांबल्या. वाचता वाचता त्यांनी तोंडाला रुमाल लावला.

"फुंडेजी, ये क्या लगाया है?"

"सहपत्र है, मॅडम. निरीक्षण रिपोर्ट."

"इसमें ज़ॉम्बी लिखा है."

"जी. परिस्थिती वही दी गई थी."

दामिनीला टेबलाखाली जावंसं वाटलं. मॅडम मात्र चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मेरा बेटा भी दिन भर यही खेलता है. पर देखिए, आपने ख़ुद लिखा है, अनुपयोगी. अस्वीकृत. नीचे साइन. अब मैं किस आधार पर बेटी को लाइसेंस दूँ?" मग त्यांनी फाइल पुढे सरकवली, खिडकीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ये पन्ना निकाल लीजिए. मैंने देखा ही नहीं."

एवढंच करायचं होतं. एक टाचणी उपटायची. दामिनीचा हात गेलाही.

"ठेव," केवलराम म्हणाले.

"बाबा, मॅडम स्वतः म्हणून राहिल्या ना."

"पान काढलं त सहाच्या पुढं आठ येते."

"मी नंबर बदलते!"

"आन रिपोर्ट? तो खोटा आहे का? अकरा सेकंद तूच मोजले, चार वेळा."

"तुमच्या आईनं मोजले... म्हणजे माझ्या आईनं. बाबा, मले झॉम्बीसाठी नाई पाहिजे ती. तुमची आहे म्हणून पाहिजे."

केवलरामांनी अर्ज उलटून पुन्हा पाहिला, जणू काही राहून गेलंय. "तसा रकाना नाई याच्यात," ते म्हणाले. आणि मग चिडून, मॅडमना, दामिनीला, टेबलाला, सगळ्यांना मिळून: "रूळ नापास केला आन मंग कोणी सांगितलं, साहेब, जाऊ द्या, चांगला दिसते, त मी जाऊ द्यायचा? त्याच्यावरून गाडी जाते! छत्तीस वर्षांत एकबी फुली पुसली नाई मी. आता आपल्या पोरीच्या हातात नापास माल देऊ?"

मॅडमना मराठी येत नव्हती, पण त्यांनी फाइल बंद केली.

अर्ज बारगळला, आणि बंदूक विक्रीसाठी दुर्गच्या परवानाधारक दुकानात जमा करायची ठरली. दामिनीनं स्कूटी चालवली, मागे केवलराम, दोघांच्या मध्ये कापडात गुंडाळलेली दुनाळी. दुकानदार नरेश नावाचा गृहस्थ होता, पोट मोठं आणि हात हलका. त्यानं बंदूक मोडून उघडली, दोन्ही नळ्या ट्यूबलाइटकडे धरल्या, एका डोळ्यानं बघितलं आणि म्हणाला, "एकदम बढ़िया माल है चाचा. कुछ नहीं है इसमें. शीशे जैसा."

दामिनीनं मनातल्या मनात हात जोडले. पण उशीर झाला होता.

"कुछ नहीं कैसे?" केवलराम म्हणाले. "ठीक से देखिए. बायीं नली. मुँह से चार उंगल अंदर, नीचे की तरफ़, चट्टा है. मेरे पिताजी के टाइम का. बारिश में गीली रख दी थी."

नरेशनं पुन्हा बघितलं. "नहीं दिख रहा."

"उजेड कम है. बाहर आइए."

दुकानदार, केवलराम आणि दुनाळी, तिघंही फूटपाथवर आले. नरेशनं उन्हात नळी धरली, वळवली, बघितलं, आणि शेवटी सुस्कारा टाकून म्हणाला, "हाँ चाचा, है. बाजरे जितना."

"रसीद में लिखिए."

"अरे, इतना कौन लिखता है?"

"लिखिए. जो लेगा, उसको मालूम होना चाहिए."

नरेशनं लिहिलं. केवलरामांनी ते वाचलं, 'बायीं'वरचा अनुस्वार राहिला होता तो घालायला लावला, आणि पावती चार घड्या करून खिशात ठेवली. दुनाळीकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

परतताना मध्ये आता काहीच नव्हतं, तरी ते सीटच्या पार मागच्या टोकाला, तेवढी जागा सोडून बसले होते. पुलावर दामिनीनं वेग कमी केला.

"ब्रेक उशिरा मारून राहिली तू," ते मागून म्हणाले. "आन मागचा टायर वाकडा फिरते. सांगितलं होतं मी."

"दाखवते उद्या मिस्त्रीले," दामिनी म्हणाली.

"मिस्त्रीले काय समजते? मी पाहतो."