ज्वारीचं बाळ

आधी साबुदाण्याचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. माझी साखर वाढलेली निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी, पोळी-भाकरी-भात एकदम कमी करा. प्रोटीन वाढवा आणि मांड्यांना ताकद आणा." मी मान हलवली, घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज साबुदाण्याची खिचडी खायला लागले.

माझा हिशेब सरळ होता. पोळी नको, भाकरी नको, भात नको, म्हणजे उपासच की! आणि उपासाला काय चालतं हे डॉक्टरांनी मला शिकवायची गरज नव्हती. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, चार वाजता उकडलेलं रताळं, रात्री बटाट्याची भाजी. दाण्याचं कूट सगळ्यात असतंच, म्हणजे प्रोटीनचंही भागलं. इतक्या आनंदानं मी जन्मात उपास केला नव्हता. महिना होत आला तरी मी खूश. पाय मात्र आधीपेक्षा जड वाटत होते. म्हटलं, ताकद भरत असेल.

आमची सून चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तयार माल तपासायचा, नापास असेल तो बाजूला काढायचा, हे तिचं काम. एका सकाळी तिनं माझ्या बोटाला टोचून साखर बघितली. मशीनवरचा आकडा बघून तिला वाटलं मशीनच बिघडलंय. म्हणून तिनं स्वतःच्या बोटाला टोचून बघितलं. मशीन ठणठणीत होतं.

"आई, काल काय काय खाल्लंत?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. शेवटी ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो आई, साबुदाणा म्हणजे नुसती खळ असते. त्यापेक्षा दोन पोळ्या खाल्ल्या असत्या तर परवडलं असतं!"

पेपरामागून आमचे हे म्हणाले, "म्हणजे हिनं महिनाभर डॉक्टरलाही फसवलं आणि देवालाही."

आता खरं सांगते. साखरेची मला काही पडलेली नव्हती. मला माझी नात हवी होती.

नात तेव्हा जेमतेम चार महिन्यांची, पण अंगानं अशी भरलेली की बघणारे दृष्ट काढायला सांगायचे. सुनेनं बाळंतपणाची रजा वाढवून दिवाळीपर्यंत नेली होती. त्यानंतर ती कामावर जाणार आणि पोरगी दिवसभर माझ्याकडे राहणार, हे मी मनात पक्कं धरलेलं. मुलाच्या शिफ्टा दर आठवड्याला फिरतात, त्याच्या भरवशावर काही ठेवता येत नाही. आणि ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलेलं. राहिले मी.

तर एका दुपारी सून अंघोळीला गेली होती आणि मी हॉलमध्ये सतरंजीवर पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. दारावरची बेल वाजली, पोरगी दचकून रडायला लागली. मी उठायला गेले आणि उठताच येईना. एका हातात पोर, दुसरा हात जमिनीला टेकलेला, आणि बूड काही केल्या जमीन सोडेना. हे शेजारी उभे राहून ट्रक मागे घेतल्यासारखे सूचना देत होते, "येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडं, येऊ दे..." शेवटी मी पोरीला छातीशी धरून, बसल्या बसल्या सरकत सोफ्यापर्यंत गेले. तिथेही अडकले. ओल्या केसांनी सून बाहेर आली, तिनं एका हातानं पोरीला घेतलं आणि दुसऱ्या हातानं मला वर ओढलं. मग पोरीला घेऊन ती आत गेली. दोन शब्द रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी ती बाल्कनीत फोनवर हळू आवाजात कुणाला तरी सांगत होती, "हो, मुलगी आहे. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी सोडेन. दिवाळीनंतर, हो." पाळणाघर! घरात धडधाकट आजी असताना पोर पाळणाघरात! मला राग आला. पण रागानं उठून आत निघून जायचं, तर त्यालाही आधी उठता यायला हवं.

म्हणून तर मी डॉक्टरांकडे गेले होते आणि म्हणून तो साबुदाण्याचा पराक्रम केला होता. मशीननं तो उघडकीला आणला, त्याच दिवशी मी सुनेला स्पष्ट म्हटलं, "तू पाळणाघर बघतेयस, मला माहीत आहे."

ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुमच्या मांड्यांवर नाही. मी तिकडे चाकणला असणार. इथे दूध उतू गेलं, ही रांगत दाराबाहेर गेली, आणि तुम्ही खाली बसलेल्या, तर?"

मग तिनंच तोड काढली. पाळणाघरातली जागा ती दिवाळीपर्यंत धरून ठेवणार. तोवर मी तयारी करायची. शेवटी परीक्षा. पोरीला घेऊन जमिनीवर बसायचं आणि कशालाही हात न टेकता उठायचं. तीन वेळा.

"तीन वेळा कशाला? एकदा उठले की उठले!"

"एक पीस पास झाला म्हणून सगळा लॉट पास होत नाही, आई."

सासूला लॉट म्हणणारी सून मिळायला भाग्य लागतं.

रात्री पडल्या पडल्या मला दापोडीची मी आठवले. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही तिथे रेल्वेलाइनजवळच्या चाळीत राहायचो. नळ सार्वजनिक, गल्लीच्या तोंडाशी. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, कडेवर मुलगा आणि दुसऱ्या हातात बादली अशी मी भराभर यायची, वर वाटेत भांडायचीसुद्धा. आणि मनात एकच नवस, की एकदा का स्वतःचं घर झालं, घरात नळ आला, की मी तांब्यासुद्धा उचलणार नाही. वेडी कुठली! ज्यानं तिच्या मांड्या लोखंडाच्या केल्या होत्या, त्याच कामाला ती रोज शिव्या घालत होती. पुढे पिंपळे गुरवला फ्लॅट झाला, नळ आले, लिफ्ट आली, कपड्यांना मशीन आलं, आणि मी तो नवस अक्षरशः पाळला. आयुष्यात दुसरं कुठलं व्रत मी इतकं निष्ठेनं केलं नाही. ताकद काय, अंगात होती तेवढी राहीलच, अशी माझी समजूत. ती कधी निघून गेली, मला चाहूलसुद्धा लागली नाही.

काळेवाडीत हार्डवेअरच्या दुकानाच्या वर बायकांची जिम आहे. मुलं शाळेत गेली की अकराला तिथे बायकांची गर्दी होते. शिकवणारी मुलगी आधी कबड्डी खेळायची, आवाज अजून मैदानावरचाच. पहिल्या दिवशी म्हणाली, "आज्जी, खुर्चीवर बसा." मला वाटलं, मुलीला वळण आहे, वयाचा मान ठेवते. बसले. म्हणाली, "आता उठा." उठले. "आता परत बसा." असा पाहुणचार मी कुठेच पाहिला नव्हता. तोच माझा व्यायाम होता हे मला घाम फुटल्यावर कळलं. दर आठवड्याला माझी खुर्ची बदलून आधीपेक्षा ठेंगणी खुर्ची यायची, शेवटी पाट आला.

खाण्याचंही तिनं नीट समजावलं. साबुदाण्याची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की सगळ्या बायकांना बोलावून मला ती पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाली, "आज्जी, नुसतं पनीर खाऊन सोफ्यावर बसलात तर ते मांडीत जात नाही. आणि नुसत्या बैठका मारून पोटात काही घातलं नाही, तर मांडी वाढणार कशातून? दोन्ही पाहिजे." डॉक्टरांना विचारून ठरलं. प्रत्येक जेवणात अंडी, पनीर, दही, मूग किंवा सोयाबीनच्या वड्या, भरपूर पालेभाजी, आणि भाकरी चतकोर.

अंड्यांचा प्रश्न वेगळाच. सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. माझ्या स्नायूंनी वाढायचं तरी कधी? मारुतीला तर मी देवळात उभी राहून विचारलं, तूच बलाचा देव आणि तुझ्याच वारी मला अंडं नाही, हा कुठला न्याय? त्यात श्रावण आला. श्रावणभर मी सोयाबीनच्या इतक्या वड्या खाल्ल्या की हे म्हणायला लागले, "भाजी केलीयस का उशीतला कापूस शिजवलायस?"

आता बाळाचं सांगते, म्हणजे दुसऱ्या बाळाचं. ह्यांच्या गावाहून, बार्शीकडून, दरवर्षी ज्वारीचं पोतं येतं. मी चतकोरावर आल्यामुळे ते संपेना. बाल्कनीत पोत्याकडे बघत उभी होते, तर डोक्यात आलं. जिममध्ये पाटावरून मी रिकाम्या हातानं उठत होते, पण परीक्षेत हातात पोर असणार! जुन्या चादरीची जाड पिशवी शिवली, तिच्यात नातीच्या वजनाची ज्वारी भरली आणि तोंड शिवून टाकलं. नुसती पिशवी धरवेना, निसटायची, म्हणून तिला नातीचं जुनं झबलं घातलं. मग कुंची बांधली. रोज सकाळ-संध्याकाळ त्या ज्वारीच्या बाळाला छातीशी धरून मी खाली बसायची आणि उठायचा प्रयत्न करायची. सुरुवातीला सोफ्याचा आधार घेऊन, मग नुसता एक हात टेकून. लस द्यायला नेलं की नातीचं वजन कळायचं. घरी आले की पिशवीची शिवण उसवायची, तेवढी ज्वारी वाढवायची आणि पुन्हा शिवायची. नात वाढत होती, तिची बहीणही वाढत होती. मी मात्र दोघींच्या एक पाऊल मागेच.

एकदा शेजारीण विरजण मागायला आली. दार उघडंच होतं. तिनं बघितलं ते असं, की मी घामाघूम, जमिनीवर बसलेली, मांडीवर कुंची घातलेलं एक गाठोडं, आणि मी त्याला दटावतेय, "चल गं सोने, एकदाच, एकदाच उठू या." बाई विरजण न घेताच मागे फिरली. ह्यांनी तिला जिन्यात गाठून सांगितलं, "घाबरू नका वहिनी, ती आमची धाकटी नात. जरा शांत आहे."

दसरा झाला तरी हात टेकल्याशिवाय मला उठता येत नव्हतं. मनातून मी घाबरले होते. मग एका संध्याकाळी जोर लावून उठताना पिशवीची शिवण फाटली आणि ज्वारी धो धो खाली, सोफ्याखाली, टीव्हीखाली, ह्यांच्या चपलांत. मी ओरडले, "अहो, धरा, धरा!" हे धावत आले आणि दारातच थबकले. ज्वारीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"अगं," हे म्हणाले, "तू उभी आहेस."

होते खरी. दोन्ही हात पिशवीला, आणि मी उभी. ज्वारी गोळा करताना मी मुद्दाम चार-पाच वेळा खाली बसले आणि उठले. आजही सोफा सरकवला की दोन-चार दाणे निघतात.

दिवाळी झाली. सून कामावर जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, परीक्षा ठेवली. मुलगा मोबाइल घेऊन शूटिंगला उभा. सून खुर्चीवर, कंपनीत बसते तशी ताठ. हे साक्षीदार म्हणून सतरंजीवर मांडी घालून बसले. मी नातीला घेतलं. ज्वारी चुळबुळ करत नाही, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं!

पहिल्यांदा उठले. सुनेनं नुसती मान हलवली. दुसऱ्यांदा उठले, पण मांड्या थरथरायला लागल्या. तिसऱ्यांदा अर्धी उठले आणि नातीनं माझा चष्मा ओढला. एका डोळ्यावर चष्मा, दुसऱ्या डोळ्यासमोर धूसर हॉल, मी मध्येच लटकलेली. ना वर, ना खाली. मला ते पाळणाघर दिसायला लागलं, बंद दार आणि आतून येणारा तिचा आवाज. तेवढ्यात शेजारून हळूच आवाज आला, "येऊ दे... येऊ दे... थोडं डावीकडं..."

मला हसू फुटलं. हसता हसता दातओठ खाल्ले, टाचा रोवल्या आणि वर आले. सरळ. हात कुठेही न टेकता. मुलानं शिट्टी मारली, नात घाबरून रडली आणि मग माझ्याकडे बघून हसली. सुनेचे डोळे भरलेले मला एका काचेतूनही दिसले. तिनं फोन उचलला, पाळणाघराचा नंबर काढला.

एवढ्यात खालून ह्यांचा आवाज, "अगं ए, झालं असेल तर मला जरा हात दे. माझे पाय बधिर झालेत."

नातीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं ह्यांना ओढून उभं केलं. दापोडीच्या त्या बावळटीला दिसलं असतं तर तीसुद्धा हंडा खाली ठेवून बघत राहिली असती. सुनेनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गुडघे चोळणाऱ्या ह्यांच्याकडे, आणि फोन परत बाजूला ठेवून मला म्हणाली:

"आई, पाळणाघरातली जागा मी रद्द करत नाही. तिथं उद्यापासून बाबांना सोडते."