झावळ्यांच्या घराला पितळी कुलूप

काल सुनेने मला दाराचे आकडे पुन्हा एकदा शिकवले. इथे अबुधाबीच्या खलिफा सिटीत मुलाच्या व्हिलाला किल्लीच नाही, दारावर बटणं आहेत. मी आकडे विसरतो आणि बाहेर उन्हात उभा राहतो. मग नातू आतून विचारतो, "दादा, यू फरगॉट अगेन?" आता त्याला काय सांगू, की बाबा रे, कुलपाने माझी अब्रू घालवली तेव्हा तुझा बापसुद्धा जन्मला नव्हता. तुम्ही चहा घ्या. तुम्हाला सांगतो, पण घरात सांगू नका. सून आधीच माझ्याकडे संशयाने बघते.

गोष्ट साठच्या दशकातली. हा देश अजून व्हायचा होता. अबुधाबीत आज जिथे बँका आहेत तिथे तेव्हा वाळू होती, आणि या किनाऱ्यावर रुपयाच चालायचा. मी दाभोळच्या खाडीकाठचा. वडिलांच्या आमराईतला माझा हिस्सा विकला, तांदूळ, चहा, साखर, तंबाखू, थोडं कापड असा माल घेतला आणि लाँचने रास अल खैमाच्या बाजूच्या एका कोळ्यांच्या गावात उतरलो. दुकान टाकायला.

गावात माझा भागीदार होता सईद. जहाजावर काम करून मुंबई पाहिलेला माणूस, त्यामुळे हिंदी बोलायचा, तीही गोदीतली. त्याने दुकानाला जागा दिली, राहायला घर दिलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तू मेरा भाई." झाली भागीदारी. कागद नाही, शिक्का नाही. म्हणजे सईदचं मन माझ्यावरून उठलं, तर मी आल्या लाँचने परत, आणि परत जाऊन बसायला आमराईसुद्धा नाही.

निघताना अम्माने एकच सांगितलं होतं, "परक्या मुलखात तोंड उघडं राहिलं तर राहू दे, दार उघडं ठेवू नकोस." आमच्याकडे पुरुष सगळे बोटीवर, घरात बायकाच. जांभ्याच्या भिंती आणि दाराला ही जाड कडी. कुलूप जितकं मोठं तितकं घर खानदानी. म्हणून मुंबईत मी एक पितळी कुलूप घेतलं, नारळाच्या करवंटीएवढं. खटक्याचं होतं, नुसतं दाबलं की बंद. दुकानदार म्हणाला, "हत्ती लावा, तुटणार नाही." त्याने खरं तेच सांगितलं होतं, हे मला पुढे कळलं.

आता सईदने दिलेलं घर ऐका. खजुराच्या झावळ्या उभ्या करायच्या, सुंभाने बांधायच्या, झालं घर. भिंतीतून वारा यायचा, ऊन यायचं, बकरीचं तोंडही यायचं. दारही झावळ्यांचं, एका दोरीने बांधलेलं. सगळ्या गावात कडी नव्हती. मी काय करावं? चहाच्या खोक्याच्या फळ्या काढल्या, चौकट ठोकली, कडी-कोयंडा बसवला आणि त्यात ते धूड लटकवलं.

तुम्ही हसताय. तेव्हा तिथे कोणी हसलं नाही, म्हणून तर मी फसलो.

सईद आला. कुलूप हातात घेऊन त्याने वजन पाहिलं. मला तो 'हिंदी' म्हणायचा, म्हणजे हिंदुस्तानी.

"हिंदी, ये कायको लगाया?"

"चोरासाठी."

"कौन चोर?"

मी कडी तपासू लागलो. कारण त्या गावात जे कोणी होते ते सगळे सईदचे चुलते, मावसभाऊ, मेहुणे. चोर म्हणून बोट कुणाकडे दाखवू? शेवटी मी म्हणालो, "बाहेरचा एखादा." सईदने दूरवर वाळूकडे पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं. कोणीच येत नव्हतं. "इन्शाल्ला नहीं आएगा," म्हणाला आणि गेला.

त्याचा चेहरा उतरला होता, हे मला दिसलं. पण मला वाटलं, कुलूप बघून दबला.

त्या घरात एक बरकत मात्र होती. पाण्याचं मडकं कधी रिकामं व्हायचं नाही. सकाळी दोन तांबे घेऊन दुकानावर जावं, दुपारी कुलूप काढून आत यावं, तर मडकं काठोकाठ. मी अम्माला पत्रात लिहिलं, तुझ्या दुवेचं फळ. तिने म्हणे मोहल्लाभर वाचून दाखवलं.

उन्हाळा आला तशी सगळी वस्ती डोंगराच्या पायथ्याला, खजुराच्या बागांत जायला निघाली. दरवर्षी जातात. उंटावर बिछाने, गाढवांवर पोरं. मागे राहणार मासेमारीवाली चार माणसं आणि मी. आणि निघायच्या आदल्या दिवशी काय व्हावं? सईद एक मंदूस घेऊन माझ्या दारात. मंदूस म्हणजे पितळी खिळ्यांच्या नक्षीची लाकडी पेटी.

"मोज़ा का सोना है," तो म्हणाला. मोज़ा ही त्याची मुलगी. बागांतून परतल्यावर तिचं लग्न होतं. "तेरे पास रख."

त्याच्या मागून त्याची म्हातारी आई, उम्म सईद. तिने कॉफीची दल्ला आणली, ती चोचीची पितळी किटली. तिच्यामागून कोणी बंदूक आणली, कोणी शिवणयंत्र, कोणी जाळी. माझ्या झोपायला जागा उरली नाही. पण छाती अशी फुगली, की विचारू नका. म्हटलं, बघा, आता कळली कुलपाची किंमत. दाभोळची अक्कल अरबस्तानात चालली. मी त्या उन्हाळ्यात खोक्यावर बसून, पाय पोटाशी घेऊन झोपलो आणि गावाचा खजिनदार झालो. मडकं मात्र त्या दिवसांत भराभर आटायचं, मलाच विहिरीवर जावं लागायचं. मी उन्हाला दोष दिला.

हवा निवली, माणसं परतली, सामान मात्र कोणी परत नेलं नाही, आणि मडकं पुन्हा भरू लागलं. लग्नाचा दिवस उजाडला. सईदच्या अंगणात ढोल सुरू झाले, मोठी पातेली चढली. दुपारची नमाज पढून मी घरी गेलो, नवा सदरा घातला, अत्तर लावलं, ऐटीत बाहेर आलो आणि खटकन कुलूप दाबलं.

हात खिशात गेला. खिसा नव्या सदऱ्याचा. किल्ली आत, मंदूसवर.

आणि समोरून सईद. "यल्ला हिंदी, मंदूस दे. औरत लोग बैठा है."

आता सरळ सांगायचं की नाही? किल्ली आत राहिली, एवढंच तर बोलायचं होतं. पण मी गावाचा खजिनदार. माझ्या तोंडून निघालं, "आत्ता नाही. आमच्याकडे दागिन्याचं कुलूप असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या, नमाजीनंतर उघडतात. चांगलं असतं."

सईदने मान डोलावली. "तुम्हारा रिवाज? ठीक." भला माणूस, जाऊन सगळ्यांना सांगून आला. नवरी बिनदागिन्यांची बसली, बायका ढोल थांबवून बसल्या, सगळे हिंदुस्तानच्या रिवाजाचा मान राखत होते.

मी इकडे कुलपाशी झुंजत होतो. खिळा घातला, वाकला. माशाचा गळ घातला, तुटला. दगड मारला, तर दगडाचे दोन झाले. हत्ती आणायचा तेवढा राहिला होता. असर झाली. सईद आला. मी म्हटलं, "मगरिबनंतर, सूर्य बुडाल्यावर, आणखी चांगलं." या वेळी त्याने मान डोलावली नाही. त्याने जमिनीवरचे दगडाचे तुकडे पाहिले, गळ पाहिला, माझा घामाने भिजलेला सदरा पाहिला. मागे एकेक पुरुष येऊन उभा राहिला. ढोल बंद असल्याने समुद्र ऐकू येत होता.

"हिंदी," सईद हळूच म्हणाला, "सोना है ना?"

झालं. साखर, चहा, आमराई, हातावर ठेवलेला हात, सगळं त्या प्रश्नात बुडताना मला दिसलं. मी म्हणालो, "भाई, सोनं आहे. किल्लीपण आहे. दोन्ही आत आहेत."

तेवढ्यात उम्म सईद काठी टेकत आली. तिने माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, "खलास," म्हणाली आणि चार बायकांना घेऊन घराच्या मागे गेली. आतून खुडबुड ऐकू आली. थोड्या वेळाने म्हातारी समोर आली आणि माझ्या हातात किल्ली ठेवली. मग सईदला काहीतरी बोलली.

सईद म्हणाला, "अम्मा बोलता है, अब इज्जत से खोल."

मी सगळ्यांसमोर किल्ली फिरवली. कुलूप लोण्यासारखं उघडलं. दार ढकललं. आत काय? काही नाही. मंदूस नाही, बंदूक नाही, शिवणयंत्र नाही, दल्ला नाही. सगळं मागच्या बाजूने बायकांनी तेवढ्या वेळात बाहेर काढलं होतं. मागची झावळी पडद्यासारखी बाजूला सारलेली होती, आणि सुंभाची गाठ घासून गुळगुळीत झाली होती. रोज सुटणाऱ्या गाठीसारखी. शेजारी मडकं, काठोकाठ भरलेलं.

मी मडक्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं.

"तेरा पानी कौन भरता था? फरिश्ता?" सईद म्हणाला. तो आता हसत होता, आणि मागचे सगळे हसत होते.

"मग तुमच्या वस्तू माझ्याकडे कशाला ठेवल्या? कुलूप तर नुसतं नावाचं होतं."

सईदने आईला विचारलं. ती बोलत गेली, तो सांगत गेला. कुलूप पाहून गावाला वाईट वाटलं होतं. हा आपल्याला चोर समजतो, याला परत पाठवा, असं काही जण म्हणाले. म्हातारी म्हणाली होती, पोरगा एकटा आहे, घाबरलाय. आपलं सगळं त्याच्या घरात ठेवा, म्हणजे त्याची भीती जाईल.

माझे डोळे भरले, खोटं कशाला सांगू. म्हातारीने माझ्या हातातून कुलूप घेतलं आणि म्हणाली, आता तुला लागणार नाही. मोज़ाच्या अंगावर सोनं चढलं, ढोल पुन्हा सुरू झाले, आणि मी दोन माणसांचा भात खाल्ला.

कुलूप पुढे सईदच्या होडीच्या जाळ्याला वजन म्हणून गेलं. माझं दुकान चाललं, वाढलं, त्यावर हे सगळं उभं राहिलं. त्या गावची माणसं आजही लग्नाला बोलावतात. पत्रिकेवर माझं नाव नसतं, ते कुणाला आठवतच नाही. लिहिलेलं असतं, अबू कुफल. म्हणजे कुलपाचा बाप.

आणि कुलपाचा हा बाप काल पुन्हा आकडे विसरून, झावळी सारून आत शिरायला व्हिलाच्या मागच्या बाजूला गेला. भिंत सिमेंटची निघाली.