मागे कोण बसतं?

मोटरसायकलची सीट शिवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला सीटमास्तर आधी रंग विचारत नसत, रेक्झिनही विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"मागे कोण बसतं?"

गिऱ्हाईक नवखं असेल तर गडबडून जाई. एखादा पोरगा कानापर्यंत लाल होई, तर एखादा उगाच अंगावर येई, "तुम्हाला काय करायचंय हो?" पण मास्तरांच्या विचारण्यात चोंबडेपणा नव्हता. मागे म्हातारी आई बसत असेल तर फोम मऊ हवा आणि कड उतरती हवी. शाळेची पोरं असतील तर सीटला उतार नको, नाहीतर ब्रेक लागला की घसरगुंडी करत बापाच्या पाठीवर. "कोणीच नाही बसत," असं उत्तर आलं की मास्तर हातातली सुरी खाली ठेवत, त्या माणसाकडे जरा कणवेने बघत, आणि तरीही मागची बाजू नीटच करत. "बसेल कोणीतरी," म्हणत. असा धीर देणारा कारागीर गावात दुसरा नव्हता.

खुद्द मास्तरांच्या मोटरसायकलची सीट मात्र बघणाऱ्याला चुकलेली वाटे. मागची बाजू पुढच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. दुकानासमोरचा चहावाला म्हणायचा, "मास्तर, लोकांच्या सीटा सरळ आणि स्वतःचं सिंहासन?" मास्तर नुसतं हसत. माप चुकलेलं नव्हतं. त्या उंचीवर बसलं की बायकोचं तोंड बरोबर त्यांच्या डाव्या कानाशी येई, आणि सगळं गणित त्यासाठीच होतं.

त्याचं असं होतं, की मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. त्यात आई, धाकटा भाऊ, भावजय, त्यांची दोन पोरं आणि हे दोघं. दोन खोल्यांच्या मधे भिंत होती, पण ती नुसती नावाला. मास्तरांनी बायकोला काही विचारलं की उत्तर स्वयंपाकघरातून आईचं येई. बायकोने कपाळाला हात लावला तर भावजय पलीकडून विचारी, "डोकं दुखतंय का वहिनी?" सगळी माणसं चांगली होती, हीच तर अडचण होती. वाईट असती तर भांडून वेगळं होता आलं असतं.

म्हणून या नवराबायकोचं जे काही बोलणं होई ते रस्त्यावर. बायको एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करायची. सकाळी मास्तर तिला तिथे सोडत, संध्याकाळी आणत. घराच्या गल्लीतून गाडी बाहेर पडली की तिची हनुवटी त्यांच्या खांद्यावर येई आणि बोलणं सुरू होई. दिराच्या नोकरीची काळजी, जावेचं नवं खूळ, सासूबाईंचे गुडघे, दुकानात आलेला तो नमुना ज्याने सतरा फ्रेमी लावून बघितल्या आणि शेवटी जुनाच चष्मा पुसून मागितला, हे सगळं त्या डाव्या कानात जाई. मास्तर समोर बघून "हं" म्हणत, मान जराशी डावीकडे वळवून उत्तर देत. लोकांच्या संसाराला चार भिंती असतात, यांनी दोन चाकांवर भागवलं होतं.

गाडी चालवणाऱ्याला हेल्मेट हा कायदा जुनाच होता. मास्तर तो पाळत, पण अर्धं हेल्मेट घालून, पालथ्या वाडग्यासारखं. कान उघडे राहिले पाहिजेत ना! बायकोच्या डोक्याला रुमाल. पोलिसांचीही काही हरकत नसे, कारण एका पोलिसाची सीट मास्तरांनीच शिवली होती.

आणि मग ते विधेयक आलं. पुढच्यालाही आणि मागच्यालाही पूर्ण हेल्मेट, कान, गाल, हनुवटी सगळं झाकणारं. दुचाकीस्वारांच्या संघटनेत हलकल्लोळ झाला.

या संघटनेच्या बैठकीची पद्धत गमतीची होती. जागा म्हणजे अध्यक्षांच्या टायरच्या दुकानामागचं मोकळं आवार. खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे जो तो गाडी गोलात लावून आपापल्या सीटवर बसे. मागच्या सीटवर चहाचे ग्लास आणि पिशव्या. ठराव मंजूर असेल तर हॉर्न वाजवायचा. शेजारपाजारच्यांना या संघटनेची मतं तोंडपाठ होती.

अध्यक्ष कडाडले, "डोकं आमचं आणि त्यावर टोपी सरकारची? हा कुठला न्याय?"

हॉर्नचा असा गदारोळ झाला की दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं रडायला लागलं.

विधानसभेच्या समितीने लोकांचं म्हणणं ऐकायला बोलावलं होतं. प्रत्येक संघटनेच्या एकाच माणसाने बोलायचं. अध्यक्षांचीच फार इच्छा होती, पण अध्यक्ष नुसता पत्ता विचारायला लागले तरी समोरच्याला भांडण सुरू झाल्यासारखं वाटे. शेवटी सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे वळल्या. मास्तरांचा आवाज मऊ. जन्मभर एका कानाशी बोललेला माणूस, ओरडायची सवयच नाही.

संध्याकाळी गाडी गल्लीबाहेर पडल्यावर मास्तरांनी बातमी दिली. "समितीपुढे मी बोलणार. आणि खरं सांगू? तुझ्यासाठीच बोलणार आहे."

"माझ्यासाठी?"

"अगं मग! ती डबडी डोक्यावर चढली की तू काय बोललीस ते मला कळणार कसं? आपलं बोलणं कायमचं बंद."

मागे तिने हनुवटी खांद्यावरून जराशी उचलली. मग म्हणाली, "दुकानामागची खोली रिकामी केली तर? नुसता फोमच तर आहे तिथे. आपण दोघं राहिलो असतो."

हा विषय तिने याआधीही काढला होता. मास्तरांचं उत्तरही तयारच असे. "आणि फोम काय डोक्यावर घेऊन फिरू? शिवाय आईला काय वाटेल. पुढच्या वर्षी बघू. चालेल ना?"

"चालेल," बायको म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी संघटनेच्या गाड्या रांगेने राजधानीला निघाल्या. बायकोने रजा टाकली होती. "कायदा कसा करतात ते मला पण बघू दे," म्हणाली. अध्यक्षांच्या कपाळावर आठी आली, पण वहिनींना नाही कसं म्हणणार?

दालन थंडगार होतं. लांबलचक टेबल, पुढ्यात माइक, बोलायला लागलं की त्यावर लाल दिवा पेटे. टेबलापलीकडे समितीच्या अध्यक्षबाई आणि चार आमदार. अलीकडे मास्तर एकटेच, आणि त्यांच्या पाठीमागे खुर्च्यांवर बाकीची मंडळी. बायको नेमकी त्यांच्या मागे, जरा डावीकडे. तिने पुढे वाकून कानात सांगितलं, "त्या बाईंच्या चष्म्याचं नोजपॅड सैल झालंय. सारखा खाली येतोय बघा." मास्तरांना हसू आलं आणि भीती थोडी पळाली.

बोलले मात्र छान. उन्हात डोकं कसं शिजतं ते सांगितलं. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही तर काय होईल ते सांगितलं. मनातलं खरं कारण तेवढं सांगितलं नाही. आमदारांपुढे ते कसं सांगायचं! मागे अध्यक्षांचा अंगठा सवयीने हॉर्न शोधत होता.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर ढकलला. "तुमचा मुद्दा समजला. पण आज सकाळपासून मी गाडी चालवणाऱ्यांनाच ऐकतेय. हे कलम मागे बसणाऱ्यांचं आहे. त्यांचं म्हणणं काय?" आणि मग सहजच विचारलं, "तुमच्या मागे कोण बसतं?"

मास्तर खुर्चीत मागे सरकले. हा प्रश्न ते गावभर विचारत आले होते, त्यांना तो आजवर कोणी विचारला नव्हता. आणि स्वतःच्या सीटसाठी तर त्यांनीही तो कधी विचारला नव्हता. त्यांची मान नेहमीसारखी जराशी डावीकडे वळली.

बायको उभी राहिली.

"मी बसते," ती म्हणाली. कोणीतरी माइक तिच्यापुढे सरकवला. लाल दिव्याकडे बघून ती क्षणभर बिचकली. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून बसतेय. समोरचा रस्ता यांना दिसतो, मला यांची पाठ. खड्डा आला की यांना आधी कळतं, मला आपटल्यावर. मला हेल्मेट पाहिजे."

पाठीमागे खुर्च्या करकरल्या.

"पण ते घातलं की आमचं बोलणं बंद होईल, हे यांचं खरं आहे. घरात आम्हाला बोलायला जागा नाही. जे काय बोलतो ते गाडीवर."

दालनात हशा पिकला. टंकलेखक थांबून अध्यक्षबाईंकडे बघायला लागला, हे लिहायचं का म्हणून. "लिहा," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. एका आमदाराने गमतीत विचारलं, "मग बाई, कायद्यात काय लिहायचं आम्ही?"

"तुम्ही हेल्मेट लिहा," बायको म्हणाली. "बोलायचं आमचं आम्ही बघू."

बाहेर पायऱ्यांवर अध्यक्ष लाल झाले होते. "मास्तर, आपल्याच सीटवरून आपल्यालाच पाडलं की हो वहिनींनी!" मास्तर गाडीकडे चालू लागले. त्यांना कायद्याचं दुःख नव्हतंच. ज्या बोलण्यासाठी आपण एवढे शंभर मैल आलो, ते हिने उभ्या उभ्या देऊन टाकलं, हे त्यांना लागलं होतं. परतीच्या वाटेवर हनुवटी खांद्यावर आली नाही, आणि यांनीही मान वळवली नाही. सगळा रस्ता तसाच गेला.

यथावकाश कायदा झाला. मास्तरांनी दोन पूर्ण हेल्मेटं आणली, रुसलेल्या माणसासारखी टेबलावर ठेवली. पहिल्या दिवशी गल्लीबाहेर आल्यावर बायको सवयीने पुढे वाकली आणि हेल्मेटावर हेल्मेट आपटलं. टक्. ती काहीतरी म्हणाली, यांना नुसता घुमल्यासारखा आवाज आला. "हो हो," यांनी ठोकून दिलं. संध्याकाळी ती ठरल्या जागी नाही. तासाभराने आली आणि म्हणाली, "बहिणीकडे जाऊन येते, उशिरा न्यायला या, असं सकाळी सांगितलं होतं की! हो हो कोण म्हणालं?"

असं दोनचार वेळा झालं, तेव्हा एका संध्याकाळी तिने त्यांच्या पाठीवर चापट मारली. थांबा. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेला वजनकाटा होता, ट्रकांचा, आणि त्याच्या बाजूने बुटकी भिंत. मास्तरांनी गाडी लावली. दोन हेल्मेटं दोन आरशांना अडकवली. दोघं भिंतीवर बसली.

"आता बोला," बायको म्हणाली.

मास्तर आरशांवरच्या हेल्मेटांकडे बघायला लागले. इतकी वर्षं बोलले, पण रस्त्याकडे बघत. समोर तोंड असल्यावर डोळे कुठे ठेवायचे हेच कळेना. तिने मात्र फोमच्या खोलीचा विषय काढला. मास्तरांनी नेहमीचं उत्तर दिलं, फोम, आई, पुढचं वर्ष, चालेल ना?

"चालेल," ती म्हणाली.

आणि या वेळी मास्तर तिच्याकडे बघत होते. हा शब्द त्यांच्या डाव्या कानात कितीदा तरी पडला होता, दिसला मात्र पहिल्यांदाच. म्हणताना तिने खालचा ओठ दाताखाली धरला होता आणि नजर काट्याच्या गंजलेल्या पत्र्यावर होती.

"हे तू असं म्हणतेस होय?"

"असं म्हणजे?"

"अगं, तोंड तर नाही म्हणतंय."

"तोंड पहिल्यापासून नाहीच म्हणतंय," बायको म्हणाली. "तुम्ही रस्ता बघत होतात."

एक ट्रक धूळ उडवत गेला. मास्तरांनी डोळ्यांतली धूळ पुसली. मग म्हणाले, "मग नाही म्हण की."

"नाही."

"नाही ना?"

"नाही चालणार. पुढच्या वर्षी नाही, आत्ताच पाहिजे."

फोम माळ्यावर गेला. आईला काय वाटेल म्हणून मास्तर घाबरत घाबरत सांगायला गेले, तर म्हातारी म्हणाली, "जा बाबा, मलाही जरा पाय पसरता येतील. मीच कधीची म्हणणार होते, पण तुम्हाला काय वाटेल म्हणून गप्प होते." या घरात सगळेच एकमेकांना काय वाटेल म्हणून चेंगरून बसलेले होते.

अध्यक्षांचा राग महिनाभर टिकला. मग सीट फाटली आणि ते आले. "घ्या, शिवा. आणि मागे कोण बसतं ते विचारू नका, तुमच्या वहिनीच बसतात."

"मग वहिनींना घेऊन या," मास्तर म्हणाले. "माप त्यांना विचारून काढतो."

अध्यक्षांनी निषेधाचा एक लांबलचक हॉर्न वाजवला आणि दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन आले.

खोलीत सामान लागलं त्या संध्याकाळी मास्तर आणि बायको दार लावून समोरासमोर बसले. चार भिंती, पक्क्या. पलीकडे कोणी नाही. फोमचा वास अजून गेला नव्हता. बोलायला आता हवी तेवढी जागा होती. बायकोने चादरीची सुरकुती काढली, मास्तरांनी ती पुन्हा पाडली.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "वजनकाट्यापर्यंत जाऊन येऊ या का?"

तिने दोन्ही हेल्मेटं आधीच हातात घेतली होती.