गोधडीचं दुसरं टोक

आमच्या समोरच्या मावशींनी लोकशाहीचा जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा अख्ख्या नाशकात दुसऱ्या कोणी करून घेतला असेल असं मला वाटत नाही. बाकीचे लोक आधी मत देतात आणि मग पाच वर्षं गटार, पाणी, दिवे यांच्या नावानं ओरडत बसतात. मावशींचं तसं नव्हतं. त्या मत द्यायच्या आधीच काम करून घ्यायच्या, तेही आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांसमोर. उमेदवार दारात येऊन हात जोडायचा आणि म्हणायचा, "मावशी, सेवेची एक संधी द्या." आम्ही बायका यावर मान हलवायचो आणि हळूच दार लावून घ्यायचो. मावशी म्हणायच्या, "या की. चपला तिथं काढा."

एकट्या बाईला न होणारी जी कामं असतात, ती त्यांनी सगळी निवडणुकीसाठी राखून ठेवलेली असत. कपाट सरकवायचं, माळ्यावरचं पितळी घंगाळं खाली घ्यायचं, डगमगणारं स्टूल कोणी धरलं तर वर चढून घड्याळाचा सेल बदलायचा. पण सगळ्यांत मोठं काम गोधडीचं. ती त्यांच्या सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली. कोरडी असताना माणसासारखी वागते, भिजली की डबक्यातल्या म्हशीसारखी बसून राहते, उठत नाही. ती धुवायला एक माणूस पुरतो, पिळायला दोन लागतात. मावशींचे यजमान पलटणीत होते, देवळाली कॅम्पात नोकरी करून रिटायर झालेले. ते होते तोवर गोधडीचं दुसरं टोक त्यांच्या हातात असायचं. पिळून, वाळवून झाली की दोघं कोपऱ्याला कोपरा लावून अशी घडी घालायचे की साहेबानं तपासायला यावं.

ते गेले त्यानंतरच्या निवडणुकीत ही रीत सुरू झाली. मावशी ओली गोधडी हातात घेऊन अंगणात नुसत्याच उभ्या होत्या आणि फाटकातून एक उमेदवार आत आला. त्याने सेवेची संधी मागितली. मावशींनी त्याच्या जोडलेल्या हातांत दुसरं टोक दिलं. माणूस भला असावा. त्यानं मुकाट्यानं पिळली, स्वतःच्या पांढऱ्या विजारीवर पाणी सांडून घेतलं आणि पुढच्या घरी गेला. तेव्हापासून मावशींना वाटायला लागलं की सरकारनं हे लोक याच कामासाठी पाठवलेले आहेत.

मग त्यांनी कोणालाच सोडलं नाही. एकाने टोक आपल्या कार्यकर्त्याकडे दिलं, तर मावशींनी ते परत काढून घेतलं. "सेवा तुम्ही करणार ना? मग हा कशाला?" एकाच्या बोटात इतक्या अंगठ्या होत्या की लुगड्याचे दोरे अडकले. त्याला त्यांनी अंगठ्या काढून तुळशीपाशी ठेवायला लावल्या आणि जाताना एकेक नीट परत दिली. एकदा तर दोन पक्षांचे दोघे एकाच वेळी आले. मावशींनी दोघांना दोन टोकांना उभं केलं आणि स्वतः पायरीवर बसल्या. दोघंही इतक्या जोरात पिळत होते की मानेच्या शिरा दिसत होत्या, पण पाण्याचा थेंब पडेना. मावशी म्हणाल्या, "दोघं एकाच अंगाला फिरवताय रे. अशानं काय निघणार?" आमची सगळी गल्ली गॅलरीत येऊन हसत होती. मी खिडकीतून हसले.

गंमत म्हणजे मावशींनी ज्याला मत दिलं तो कधीच निवडून आला नाही. एक बाई उभी होती, तिनं वाळलेल्या गोधडीची घडी थेट मिलिटरीसारखी घातली होती, तीसुद्धा पडली. मावशींना त्याचं काही नव्हतं. "पडली तर पडली. गोधडी वाळली ना?"

माझ्या सासूबाईंनी एकदा त्यांना विचारलं की इतक्या लांबच्या माणसांना कशाला धरता, आम्ही समोर आहोत की. मावशी म्हणाल्या, "शेजाऱ्याला एकदा सांगितलं की मनावर ओझं राहतं. हे लोक आपल्या पायानं मागायला येतात." सासूबाईंना ते पटलं. मला पटलं नाही, पण मी बोलले नाही. मला लोकांत बोलायचं म्हटलं की शब्द गळ्यापर्यंत येतो आणि तिथंच बसतो.

मग झालं असं की निवडणूकच येईना. नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तारीख काही लागेना. आज लागेल, उद्या लागेल, असं करत वर्षं गेली. लोक रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलायचे. मावशींच्या घरात घड्याळ बंद पडलं होतं, घंगाळं माळ्यावर होतं आणि गोधडी धुतलेली नव्हती. त्या दूधवाल्याला विचारायच्या, पेपरवाल्याला विचारायच्या, "लागली का रे निवडणूक?" शेवटी एक कार्यकर्ता घरी आला. मावशींना तिकीट हवंय अशी त्याची समजूत झाली होती. निवडणूक नसताना आला म्हणून त्याच्याकडून मावशींनी काम करून घेतलं नाही, नुसता चहा पाजला.

या थंडीत एकदाची लागली. रिक्षा भोंगा लावून फिरली, आपले उमेदवार आज आपल्या दारी येत आहेत. मावशींनी सकाळीच गोधडी टबात भिजवली, घासली, धुतली आणि पदर खोचून फाटकात उभ्या राहिल्या. जीप आली, पण उमेदवार वर उभा होता. हात जोडलेलेच होते, चेहराही हसरा होता, फक्त जीप थांबत नव्हती. मावशींनी गोधडीचं ओलं टोक वर धरून त्याला दाखवलं. त्याला वाटलं बाई ओवाळताहेत. त्यानं गळ्यातला झेंडूचा हार काढून फेकला, तो नेमका गोधडीवर पडला. दुसरी जीप आली, तीही तशीच गेली. आता कोणी खाली उतरत नाही, हे आम्हाला कळलं होतं. मावशींना कळायला दुपार झाली.

अंगणातलं ऊन कुंपणापर्यंत सरकलं होतं. ओली राहिली तर त्या थंडीत गोधडी कुबट झाली असती, जुना धागा कुजला असता. मावशींनी एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि एकट्याच पीळ द्यायला लागल्या. एकदा झालं, दोनदा झालं, मग गाठ सुटली आणि त्यांच्या सासूबाईंची गोधडी धबकन मातीत पडली. मावशी पायरीवर बसल्या. त्यांनी हार उचलला आणि मांडीवर ठेवला.

मी कधी जिना उतरले मला कळलं नाही. पायात चपलासुद्धा नव्हत्या. मी गोधडीची माती नळाखाली धुतली, एक टोक त्यांच्यापाशी ठेवलं, दुसरं धरून उभी राहिले.

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू कोणाकडून उभी आहेस?"

"कोणाकडून नाही," मी म्हटलं.

"म्हणजे अपक्ष." त्या उठल्या. "धर मग घट्ट. माझ्या उलट्या अंगानं फिरव."

मतदानाला आम्ही बरोबर गेलो. बोटाची शाई दाखवत त्या बाहेर आल्या आणि तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "सगळं मशीन बघितलं. तुझं चित्र कुठं दिसलं नाही."

आता घड्याळ चालू आहे, स्टूल मी धरते. मावशी अजून मला हाक मारत नाहीत. काम निघालं की समोर आपल्या दारात येऊन उभ्या राहतात आणि माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडतात, अगदी उमेदवारासारखे. मी गॅस बंद करून खाली उतरते. परवा गोधडी पिळताना लक्षात आलं, त्यांच्या मनगटात आता जोर राहिलेला नाही. त्या नुसतं टोक धरून उभ्या होत्या. पीळ सगळा मीच देत होते. आणि त्या मला मधूनमधून सांगत राहिल्या, "हळू गं, तुला झेपेल तेवढंच."